पाणी घालू नये

मानवजातीच्या इतिहासात असे मोजकेच दिवस येतात, ज्यांच्यानंतर जग पहिल्यासारखं राहत नाही. शुक्रवार, चोवीस जानेवारी दोन हजार एकतीस, हा त्यांतलाच एक. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात 'निरामय' सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, सौ. पद्मजा बिरनाळे यांच्याकडे हळदीकुंकू होतं.

सदतीस बायका आल्या. तिळगूळ, अत्तराचं बोट, मसाला दूध, कुणाच्या सुनेला दिवस गेले आणि कुणाच्या मुलाचं जमता जमता फिसकटलं, हे सगळं रीतसर झालं. जग बदललं ते वाणामुळे.

वाण म्हणून काय लुटायचं, हा प्रश्न त्या घरात दर डिसेंबरात निघायचा.

"यंदा स्टीलच्या वाट्या देते," पद्मजाबाई म्हणाल्या होत्या. "झाकणाच्या."

"गेल्या वर्षी काय दिलंस?" बिरनाळे सरांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"गाळणी."

"आणि आपल्याला काय आलं?"

"अकरा गाळण्या, नऊ प्लास्टिकचे डबे आणि मगदूम वैनींनी दिलं ते. ते काय आहे हे अजून कळलेलं नाही. मी त्यात कोथिंबीर ठेवते."

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "वाट्या नकोत. या वेळी मी देतो काहीतरी."

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

सरांच्या मनात एक जुनं दुखणं होतं. प्राध्यापक डॉ. शांतिनाथ बिरनाळे गावातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. संशोधनाचे त्यांचे निबंध परदेशात छापून येत. पण 'निरामय'मध्ये राहायला आल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, सोसायटीची ठाम समजूत होती की ते 'झाडांचे सर' आहेत. लिफ्टमध्ये लोक त्यांना कढीपत्त्याची पानं का गळतात ते विचारायचे. सर सुरुवातीला समजावून सांगत. मग त्यांनी नाद सोडला आणि ते नुसतं "पाणी कमी घाला" असं सांगू लागले. कढीपत्ते सुधारले आणि समजूत आणखी पक्की झाली.

सरांचा खरा विषय होता ओवा. ओव्यात थायमॉल नावाचं द्रव्य असतं. पोट दुखतं म्हणून ओवा चावला की जिभेला चटका बसतो, तो त्याचाच. थायमॉल जंतूंना मारतं. हे बाळंतिणीला ओव्याची धुरी देणाऱ्या बायकांना अंदाजाने माहीत होतं आणि सरांना आलेखासकट. अडचण अशी की थायमॉल तेलकट असतं, पाण्यात विरघळत नाही, उघडं ठेवलं तर उडून जातं, आणि रक्तातल्या जंतूंना पुरेल एवढं पोटात घ्यावं तर जंतूंच्या आधी माणूस बेजार होतो. हळदीतलं, लवंगेतलं, दालचिनीतलं अशा सगळ्याच वनस्पतिद्रव्यांचं हे रडगाणं. परीक्षानळीत वाघ आणि शरीरात गेली की शेळी.

सरांनी ओव्याच्या या द्रव्याला वाहन दिलं. मक्याच्या दाण्यात झेइन नावाचं एक प्रथिन असतं. त्याचे कण करायचे, माणसाच्या केसाच्या रुंदीत आठशे ओळीने बसतील इतके बारीक, आणि मोदकात सारण भरावं तसं प्रत्येकाच्या पोटात थायमॉल भरायचं. (बाकीचे संशोधक असे कण कोळंबीच्या कवचापासून करत. सर जैन होते आणि त्यांना प्रयोगशाळेतून घरी जाऊन जेवायचं होतं.) मग कणांच्या बाहेरच्या अंगाला धन विद्युतभार द्यायचा. जंतूच्या कातडीवर ऋण भार असतो, त्यामुळे कण जाऊन तिला चिकटतो. एरवी औषधाचा एकेक रेणू आत शिरतो आणि जंतू त्याला पंपाने बाहेर फेकतो. असे पंप जंतूंच्या अंगात खरोखर असतात, पाणी भरणाऱ्या तळघरात बसवतात तसे. पण इथे लाखभर रेणू एकाच जागी एकदम सुटायचे. पंपाचं बटण दाबायच्या आत कातडीला भोक. शिवाय जंतूंनी दहा-दहा वर्षांपूर्वी दाराबाहेर काढलेली जुनी प्रतिजैविकं त्याच भोकातून परत आत घुसायची.

हा शोध मोठा होता, याबद्दल वाद नाही. गाव हॉस्पिटलांचं. त्या काळात तिथले डॉक्टर जंतूंचा रिपोर्ट हातात आला की नातेवाइकांशी बोलताना खिडकीबाहेर बघायला लागले होते. सरांचं औषध त्यांच्यासाठी होतं. सगळे उपाय हरल्यावर, अतिदक्षता विभागात, मोजून, शिरेतून द्यायचं. ते अजून चाचण्यांत अडकलेलं होतं. पण ऑपरेशनच्या टेबलांवर फवारून बघण्यासाठी त्याच्या चाळीस बाटल्या भरून ठेवल्या होत्या, आणि हॉस्पिटलाचं परवानगीचं पत्र काही येत नव्हतं.

"भांडी घासायच्या जागी मारायचं, बेसिनमध्ये मारायचं," सर म्हणाले. "वास जातो, बुरशी जाते. वाट्या काय, सगळ्याच देतात."

लेबलं त्यांनी स्वतः तयार केली. पाच सेंटिमीटर बाय तीन. वर स्वतःचं नाव, त्याखाली पदव्या, त्याखाली इंग्लंडातल्या एका सोसायटीचं सभासदत्व, त्याखाली 'ओव्यापासून', आणि अगदी तळाला 'थेट वापरावे. पाणी घालू नये.' शेवटची ओळ काही केल्या बसेना. अक्षरं बारीक केली तर पदव्या वाचता येईनात. सरांनी पंधरा मिनिटं विचार केला. बायका सुज्ञ आहेत, असं ठरवून त्यांनी शेवटची ओळ काढली.

वाण गाजलं. आठवड्याभरात बायका जिन्यात थांबवून सांगू लागल्या की मोरीचा वास गेला, फरशीच्या फटी पांढऱ्या झाल्या. शंभर मिलिलिटरची ती बाटली घरोघर एप्रिलअखेरपर्यंत पुरली. एवढी कशी पुरली, हा प्रश्न सरांना पडला नाही. त्यांना प्रश्न पडायचे ते कॉलेजात, अकरा ते पाच.

ए विंगमध्ये तळमजल्यावर धनपाल मगदूम राहत. औद्योगिक वसाहतीत त्यांचा फिनेल आणि उदबत्तीचा कारखाना होता. मे महिन्यात ते रिकामी बाटली हातात घेऊनच सरांकडे आले.

"सर, तुम्ही एवढे मोठे, आणि आम्ही तुम्हाला कढीपत्त्याचं विचारत होतो!"

"हे औषध आहे, मगदूमसाहेब. हॉस्पिटलासाठी आहे. जपून वापरायचं."

"औषध म्हटलं की परवाना आला, चाचणी आली, दहा वर्षं गेली. आपण औषध म्हणायचंच कशाला? ओवा म्हणायचं. ओव्याला कोण अडवतंय?"

"सगळीकडे वापरलं तर जंतूंना त्याची सवय होईल."

"ओव्याची?" मगदूम मनापासून हसले. "सर, माझी आजी नव्वद वर्षं ओवा खात होती. तिला नाही झाली सवय!"

सरांनी कॉलेजला दोन पानी विरोधपत्र दिलं. शोधाचे हक्क कॉलेजकडे होते. कॉलेजने ते मगदूमांना दिले आणि सरांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. सर भाषणात म्हणाले की हे द्रव्य रोजच्या वापरात आणणं म्हणजे शत्रूला आपल्याच तलवारीचे हात शिकवण्यासारखं आहे. प्रचंड टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शनानंतर त्यांना परडीत सजवलेला 'ओवा-कवच'चा पहिला संच भेट देण्यात आला.

हे झालं दोन हजार बत्तीसच्या दिवाळीत. पुढच्या तीन वर्षांत ओवा-कवच फरशीच्या पाण्यात आलं, दंतमंजनात आलं, भिंतीच्या रंगात आलं, शाळकरी मुलांच्या मोज्यांत आलं, उदबत्तीत तर येणारच होतं. लग्नात अक्षतांना लावून मिळू लागलं. कुणालाच त्यात काही वावगं दिसेना, कारण ओवा घरातलाच आणि मका तर कणसाचाच.

सरांनी आपल्या घरात त्याला बंदी केली. पद्मजाबाई नाक्यावरून साबण आणायच्या आणि सर भिंग घेऊन त्याचं वेष्टण वाचायचे. सकाळच्या चहाला त्यांचा विषय ठरलेला असायचा.

"हा मगदूम एक दिवस आपल्या सगळ्यांना मारणार."

"मारेल तेव्हा मारेल," पद्मजाबाई म्हणायच्या, "चहा गार होतोय."

पण रोज एकच गोष्ट ऐकली की ती आत उतरतेच. मगदूम वैनी म्हणजे त्यांची चोवीस वर्षांची मैत्रीण. भाजी आणायला बरोबर, पहाटेच्या फिरण्याला बरोबर, पापडाच्या लाट्यांना बरोबर. आधी फिरणं सुटलं, मग पापड. शेवटी तर पद्मजाबाई ए विंगवरून जायचं टाळू लागल्या. वैनींनी एकदा विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" पद्मजाबाई म्हणाल्या, "गुडघा दुखतो."

गुडघा दुखत होताच. दोन हजार छत्तीसच्या ऑगस्टात तो बदलायचं ठरलं.

"दोन्ही करून टाकू," डॉक्टर म्हणाले.

"आधी एक करा," पद्मजाबाई म्हणाल्या. "चांगला निघाला तर दुसरा देईन."

आठव्या दिवशी टाक्यांतून पू आला. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप. अकराव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून सरांना निरोप आला. तिथे डॉ. निलोफर मुजावर जंतूंचं काम बघत होती. ती सरांचीच विद्यार्थिनी. सरांच्याच हाताखाली तिने पीएच.डी. केली होती.

"सर, बसा."

"उभाच बराय."

"बसा ना, सर."

सर बसले. तिने काचेची ताटली पुढे सरकवली. जंतू तपासताना ताटलीत त्यांचा थर पेरतात आणि त्यावर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ दिसतं. या ताटलीत बारा चकत्या होत्या. वर्तुळ एकही नव्हतं. शेवटची चकती झेइमॉलची होती. झेइमॉल म्हणजे सरांचंच औषध, इंजेक्शनच्या रूपात. वर्षभरापूर्वी त्याला एकदाची मान्यता मिळाली होती आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यावर एकट्या या गावात शंभरावर माणसं उठून घरी गेली होती. आता त्या चकतीवर जंतू चारी बाजूंनी चढले होते.

"क्लेबसिएला जातीचा जंतू आहे," निलोफर म्हणाली. "कातडीवरचा भार बदललाय, सर. ऋण भारच ठेवला नाही. कण चिकटतच नाहीत. आणि शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं प्रतिजैविक होतं ना, तेही त्याच भाराला धरून आत जायचं. एका चालीत दोन्ही गेली."

"माझी उरलेली बाटली आहे. पहिल्या घाण्यातली. ताजी."

"सर, ताजेपणाचा प्रश्न नाही."

तरीही तीन दिवस झेइमॉल दिलं, कारण दुसरं काही नव्हतं. चौथ्या दिवशी पाय मांडीपासून काढावा लागला. ताप उतरला नाही, म्हणजे जंतू रक्तात गेले होते. त्यांच्या टोरांटोच्या मुलीला कळवलं; तिला पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळालं.

या सगळ्यात सरांनी एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती.

"निलोफर, हे मगदूमचं पाप आहे. मला ते लेखी पाहिजे. या जंतूचा माग काढ. कुठून आला, कधी आला, सगळं. मी त्याला कोर्टात उभा करतो."

माग काढणं अवघड नव्हतं. निलोफरच्या प्रबंधाचा विषयच गावातल्या सांडपाण्यातले जंतू हा होता. दोन हजार तीस ते बत्तीस अशी तीन वर्षं तिने 'निरामय'मागच्या नाल्याचं पाणी दर महिन्याला नळीत भरून आणलं होतं. हॉस्पिटलांचं पाणीही याच नाल्यात येतं. त्या नळ्या सरांच्याच प्रयोगशाळेतल्या गोठणपेटीत पडून होत्या. पाच दिवसांनी, सकाळी साडेअकराला, ती कागद घेऊन आली.

"सर, बत्तीसच्या सगळ्या नळ्यांत हा जंतू आहे. दिवाळीच्या आधीच्यासुद्धा."

"कसं शक्य आहे? मगदूमचा माल दिवाळीला आला."

"म्हणून मी मागे मागे गेले. एकतीसच्या मार्चच्या नळीत नाही. एप्रिलच्या नळीत आहे. मॅडमच्या गुडघ्यातला जंतू थेट याच्याच वंशातला."

"तारीख चुकली असेल नळीवर."

"तारखा तपासून तुम्हीच सही करायचात, सर."

सरांनी कागद स्वतःकडे ओढला. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

"एकतीसच्या एप्रिलमध्ये हे द्रव्य तुमच्या कपाटाबाहेर कुठे होतं, तेच मला कळेना," निलोफर म्हणाली. "काल घरी हेच बोलत होते. तर अम्मी म्हणाली, अगं, तुझ्या मॅडमनी संक्रांतीला बाटली दिली नव्हती का? तूच तर आणलीस. अम्मीला फार आवडली होती ती. संपत आली की पाणी घालायची, हलवायची, परत वापरायची. तीन वेळा घातलं म्हणाली."

तिने वाक्य पुरं केलं आणि ती थांबली. तिच्याही लक्षात तेव्हाच आलं.

त्यानंतर दोघांपैकी कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. प्रयोगशाळेत जंतूला एखाद्या औषधाची सवय लावायची असेल तर पद्धत ठरलेली आहे. औषध निम्मं पातळ करायचं, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. मरणार नाही पण झळ लागेल, अशा पायरीवर जंतू शिकतो आणि मग एकेक पायरी वर चढतो. सदतीस घरांतून कुणाची बाटली पहिल्या पाण्याला, कुणाची दुसऱ्या, कुणाची चौथ्या. सगळ्या पायऱ्या एकाच नाल्यात, एकाच वेळी, तीन महिने. असा प्रयोग सरांना प्रयोगशाळेत करायचा असता, तर त्याला नैतिक समितीने मान्यता दिली नसती. मगदूमांनी नंतर जे केलं, ते फक्त शिकलेल्या जंतूला नोकरी देण्यासारखं होतं.

"सर, हे रिपोर्टात लिहावं लागेल," निलोफर हळूच म्हणाली.

"लिही."

"हळदीकुंकू असं नाही लिहिणार मी. 'घरगुती वितरण' लिहिते."

दुपारी चारला भेटायची वेळ सुरू झाली. सर अंगावर निळा झगा आणि हातमोजे चढवून आत गेले. पद्मजाबाई जाग्या होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे ठिकाणावर.

"तुमचा झगा उलटा आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे."

"असू दे काय, नर्सबाई ओरडतील." मग जरा वेळाने, "काय म्हणाली निलोफर?"

उत्तर सरांकडे तयार होतं. मगदूम. चार वर्षं रोज सकाळी घोटलेला शब्द. तो म्हटला असता तर काम संपत होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पद्मजाबाईच म्हणाल्या, "सकाळी मगदूम वैनी आल्या होत्या. काचेबाहेर उभ्या होत्या. रडत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच सांगताय ना रोज. त्यांच्या धंद्यानं झालं हे सगळं." त्यांना धाप लागली. "चोवीस वर्षांत पहिल्यांदा असं केलं मी. बरं नाही वाटलं. पण म्हटलं, माझा पाय गेलाय, एवढं तर चालेल."

सर स्टूल ओढून बसले. बराच वेळ त्यांनी हातमोज्याची बोटं नीट केली.

"पद्मा, मगदूमनं नाही झालं ते."

"मग?"

"त्याच्याही आधी झालं. एकतीस साली. आपल्या वाणातून."

त्यांनी सगळं सांगितलं. नाला, नळ्या, पाणी, पायऱ्या. वर्गात शिकवतात तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगतात ते त्यांना येत नव्हतं. पद्मजाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. झोप लागली की काय, असं सरांना वाटलं.

"मी वाट्याच म्हणत होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"झाकणाच्या."

"हो, पद्मा."

"आता मगदूम वैनींना मी काय सांगू?"

सरांनी आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"लेबलावर एक ओळ होती. मी काढली. जागा पुरत नव्हती."

"कुठली ओळ?"

"'पाणी घालू नये.'"

पद्मजाबाई हसल्या. हसू खोकल्यात गेलं, यंत्र वाजलं, नर्स येऊन बघून गेली. खोकला थांबल्यावर त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"लिहिलं असतंत तरी घातलंच असतं," त्या म्हणाल्या. "तळाला एवढं राहिलेलं काय टाकून देतात होय?"

पाच वर्षांपूर्वीची ती पंधरा मिनिटं, त्या पदव्या, ती ओळ, यांचा अपराध सर गेले चार तास जन्माचं ओझं म्हणून उचलून घेत होते. त्यांच्या बायकोने तोही त्यांच्याकडे राहू दिला नाही.

"वैनींना बोलवा," पद्मजाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी. आणि तो झगा सरळ करा."

मगदूम वैनी सकाळी सातलाच येऊन बसल्या. पण पहाटेच पद्मजाबाईंच्या घशात नळी घातलेली होती आणि त्या गुंगीत होत्या. वैनी हातमोज्याच्या हाताने त्यांचा हात धरून दिवसभर बसून राहिल्या. काय झालं होतं, कशासाठी बोलावलं होतं, हे त्यांनी सरांना तीनदा विचारलं. सर म्हणाले, "तिला तुमच्याशी बोलायचं होतं." ते खरंच होतं. चौथ्या दिवशी पद्मजाबाई गेल्या. टोरांटोच्या मुलीला तीन दिवस मिळाले, तेही काचेबाहेरून.

निलोफरचा निबंध जानेवारीत छापून आला. नवा जंतू जिथे सापडतो त्या ठिकाणाचं नाव त्याला द्यायची पद्धत आहे. नळ्यांवर चिठ्ठी होती 'निरामय', म्हणून त्याचं नाव 'निरामय-३१' पडलं. मार्चपर्यंत तो एकवीस देशांत सापडला. सोसायटीच्या वार्षिक सभेत नाव बदलण्याचा ठराव आला. नाव जंतूचं बदलायचं की सोसायटीचं, यावर दोन तास चर्चा होऊन विषय पुढच्या सभेवर गेला. मगदूमांनी त्याच सभेत जाहीर केलं की कंपनी 'ओवा-कवच डबल' आणत आहे. सर सभेला हजर होते. बोलण्यासाठी त्यांनी हात वर केला होता. अध्यक्षांनी कढीपत्त्याचे विषय शेवटी घेऊ म्हणून सांगितलं, आणि सभा हसली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

मुलगी केव्हाच परत गेली होती. सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकट्याने जेवले. ताट, वाटी, तांब्या आणि कुकरचं भांडं घेऊन बेसिनपाशी उभे राहिले. भांड्यांच्या साबणाची बाटली दाबली तर नुसतीच फुसफुसली. त्यांनी ती उजेडात धरली. तळाला बोटभर उरला होता. सरांनी झाकण काढलं, नळाखाली धरून थोडं पाणी घातलं, झाकण लावलं आणि बाटली हलवली.

बाटलीवर 'ओवा-कवचयुक्त' असं छापलेलं होतं. त्याशिवायचा साबण आता मिळत नाही.